रकाना सतरा

सूरमध्ये समुद्र दवाखान्याच्या मागच्या भिंतीपर्यंत येतो
आणि परत जातो. त्याला टोकन लागत नाही.
मंगळवारी समिती बसते:
दोन डॉक्टर, भत्ता खात्याचा एक साहेब, एक शिक्का.
बाहेरच्या खोलीत मी
आणि माझा कोनमापक,
शाळेच्या कंपासपेटीतलाच, फक्त ह्याला दोन लांब हात फुटलेत.

खल्फान बिन सुवेद, वय एकसष्ट.
जहाजांचा सुतार. उजवा खांदा.
अर्ज दुसऱ्यांदा.
पहिल्या कागदावर कुणीतरी लिहून ठेवलंय, हालचाल समाधानकारक.
कुणाचं समाधान, ते विचारलेलं नाही.

हात वर घ्या, मी म्हणते.
माझं अरबी अकरा वर्षांचं, पण हेल अजून खेडचा.
तो ओळखून हसतो. कुठली तू?
सांगते. तो म्हणतो, बाप तुमच्या किनाऱ्याला लागून खाली जायचा,
साज आणायला. जहाजाचा कणा साजचाच.
साज म्हणजे साग.
एका अक्षराचा फरक, मधे एवढं पाणी.

पुन्हा वर. अठ्ठावन्न अंश.
पुन्हा. त्रेपन्न.
तीनदा मोजायचं असतं, सोंग असेल तर आकडे हलतात म्हणे.
खरं दुखत असलं तरी हलतात,
पण तसं छापायला जागा उरली नसावी.

मग दुखणं, शून्य ते दहा.
अल्हम्दुलिल्लाह.
आकडा सांगा.
अल्हम्दुलिल्लाह, तो परत म्हणतो, जरा समजावून.
आमच्याकडे पाय प्लास्टरमध्ये टांगलेला माणूससुद्धा
"चाललंय" म्हणतो.
चाललंय म्हणजे दहापैकी किती?

माझ्या भावाला, श्रीरंगला, जिल्ह्याच्या इस्पितळात
अडतीस टक्के मिळाले होते. चाळीसला पास.
दोन टक्क्यांनी धडधाकट ठरून
एसटी स्टँडच्या पायरीवर बसला, कुबडी आडवी ठेवून,
म्हणाला, शाळेत गणितात पण असंच व्हायचं माझं.
आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो होतो.

फाइल काढायला मी स्टुलावर चढले.
कपाटावरचा जुन्या अर्जांचा गठ्ठा सुटला,
सात-आठ किलोचा तरी, थेट माझ्या डोक्यावर,
आणि मधे एक हात आला.
उजवा.
पूर्ण वर.

चाळीस वर्षं परातीवर वरून निसटलेली पटाशी
खालच्या पोराच्या डोक्याआधी झेलणारा हात.
त्याला खांद्याची परवानगी घ्यायचं सुचलं नाही.

गठ्ठा सावकाश टेबलावर ठेवला त्याने. डाव्या हाताने.
मग खुर्ची शोधली, सापडली नाही,
जमिनीवरच बसला.
ओठ पांढरे. टोपीची कड घामाने भिजलेली.
पाण्याचा ग्लास दिला तर बोटांना ग्लास कळेना,
मीच धरला.
लागलं नाही ना तुला, तो विचारत होता.

रकाना सतरा:
अर्जदाराचे लक्ष नसताना दिसलेली हालचाल.
कमाल कोन.
मी पाहिला. दीडशेच्या पुढे.
कोनमापक नसतानाही मला कळतं आता, हाच माझा धंदा.

आतून साहेबाने विचारलं, झालं का?

दोनच ओळींचा रकाना तो.
कोन लिहिला, खोटं कशाला.
मग गठ्ठ्याचं वजन लिहिलं, कुणाच्या डोक्यावर ते लिहिलं,
ग्लास लिहिला, वीस मिनिटं लिहिली, घड्याळ बघून,
बटण माझ्याकडून लावून घेतलं तेही.
अक्षर बारीक करत गेले,
ओळी संपल्या तशी समासात शिरले,
समासातून वळून खालच्या चौकोनात,
जिथे शिक्का बसतो.

आता तो बसेल तेव्हा
ह्या सगळ्यावर बसेल.

खल्फान दारातून वळला, डावा हात छातीवर ठेवून.
उजवा त्याने नीट खिशात घातला होता,
झोपलेलं पोर उचलून आत नेतात तसा.